वजनमर्यादा

डाउनटाउन कसं आहे, हे मला विचारू नका.
मी लॉस एंजेलिस पाहिलं ते लिफ्टच्या छपरावर उभी राहून
किंवा तळाच्या खड्ड्यात उकिडवी बसून,
हातात टॉर्च, दातांत पेन्सिल.
एकवीस वर्षं.

बंकर हिलवर नुसती काच.
एकेका इमारतीत चौदा लिफ्ट, चौदाही अबोल,
दोरांना ग्रीस नव्हे, अत्तर लावल्यासारखं.
इथं लाकडी घरं होती म्हणे, पायऱ्यांवर भाडेकरू बसायचे.
मग टेकडीचं डोकं भादरलं
आणि बसणारे कुठं गेले ते कुठल्याच नकाशात नाही.
आता साडेबाराला सगळे एकदम खाली येतात,
डब्यातला पाला घेऊन वर जातात,
आणि सहानंतर चौकात वारा एकटाच येरझारा घालतो.
यातली एखादी लिफ्ट मी बंद केली
तर कुणाची मानही वळत नाही.
तेरा आहेत की.

उतार संपला की हिल स्ट्रीट, सराफांची इमारत.
होवसेप डोळ्याचं भिंग न काढताच माझं ओळखपत्र बघतो,
तेही चौदा कॅरेटचं निघेल या आशेनं.
या लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही.
हात खिशात, खिशात मूठ.
खड्ड्यातली धूळ मात्र झाडूवाल्याला देत नाहीत,
होवसेप स्वतः उतरून, गाळून नेतो.
मिरजेच्या सराफकट्ट्यावर गटार धुणारे झारेकरी आठवले,
त्याला सांगितलं.
"मग तुम्ही आमच्यातल्याच," म्हणाला,
आणि तरीही माझी बॅग तपासली.

लिटल टोक्योतल्या एका इमारतीत चौथा मजला नाही,
तीननंतर एकदम पाच.
बंकर हिलवर तेरावा नाही.
भीतीचेही असे वॉर्ड पडलेत.

फुलबाजार पहाटे दोनला जागा.
मालाच्या लिफ्टची जाळी ओढली की
आधी ओल्या देठांचा वास, मग ओफेलियाच्या शिव्या,
मग ओफेलिया.
ऑक्टोबरात आम्ही दोघी एकाच ढिगातून झेंडू उचलतो,
ती तिच्या मेलेल्यांसाठी, मी दारासाठी.
भाव मला जास्तच लावते.

आणि तिथून चार गल्ल्या, फक्त चार,
सॅन ज्युलियन स्ट्रीट.
फुटपाथभर तंबू, एका तंबूपुढं पायपुसणं घातलेलं, स्वच्छ.
मी ते ओलांडून जाते, त्यावर पाय देत नाही.
पलीकडे एकेका खोलीत एकेक माणूस ठेवलेलं जुनं हॉटेल.
सहा मजले. लिफ्ट एक.
पितळी पाटीवर: दहा माणसं, पंधराशे पौंड.

मंगळवारी तिच्या दोराच्या तुटलेल्या तारा मोजल्या.
नियम सहापर्यंतचा.
सात भरल्या.
चिंधी फिरवून पुन्हा मोजल्या, पेन्सिलीनं खुणा करत,
देवाशपथ, एक चुकून जास्त धरली असेल या आशेनं.
सातच.

लाल पट्टी चिकटवायला अर्धा मिनिट लागतो.
नवा दोर यायला तीन आठवडे.
आणि पाचव्या मजल्यावर लॅमाँट पर्डी,
एक पाय त्याचा, एक सरकारी,
दारात खुर्ची टाकून बसलेला.
निरोप सांगायला मी जिन्यानं गेले,
माझ्या गुडघ्यांचं वय चौपन्न.
तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
"किती मोजल्या?"
सात.
"मी असतो तर पाच मोजल्या असत्या," म्हणाला,
आणि खिशातून दोन डॉलर काढले.
"खाली जातेच आहेस तर केळी आण."

आणली. पाच मजले.
प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून,
कुणी बघत नाही ना ते बघत.
त्यानं घड हातात घेतला, उलटसुलट केला,
होवसेपनं माझं ओळखपत्र पाहावं तसा.
"इतकी हिरवी?"

मी पुन्हा खाली निघाले.